चूल पेटली, सबब सूचना रद्द

मालवण
३ मार्च २०२५

विषय : कै. फेलिसिदाद हिच्या समाजमाध्यमावरील पानाबाबत आलेली नोटीस.

चि. सँड्रीना हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या मावशीसाठी महिन्याने झालेल्या मिस्सेच्या प्रार्थनेनंतर तू पुण्यास परतलीस. तेव्हापासून तुझ्या एकाही फोनला मी धड उत्तर दिलेले नाही, याची मला जाणीव आहे. फोनवर माझे बोलणे दोन वाक्यांनंतर थांबते. कागदावर ते थांबत नाही, म्हणून हे पत्र. तू वकील आहेस आणि तुझे काम ऑनलाइन व्यापाराच्या कज्ज्यांचे आहे, असे तुझी आई अभिमानाने सांगत असते. तेव्हा हे प्रकरण योग्य टेबलावर जात आहे, असे मी समजतो.

ठाण्याच्या ‘दर्याचाफा फूड्स’ या कंपनीच्या वकिलांकडून मला रजिस्टर्ड टपालाने नोटीस आली आहे. तिचा सारांश असा : ‘फेलिसिदाद’ हे नाव लोणची व मसाले यांकरिता आपले व्यापारचिन्ह म्हणून नोंदवावे, असा अर्ज सदर कंपनीने केला आहे, ‘फेलिसिदादचां रांदाप’ हे आमचे स्वयंपाकाचे पान त्या नावाचे उल्लंघन करते, सबब ते पंधरा दिवसांत काढून टाकावे, अन्यथा कंपनी ते माध्यमाकडून बंद करवील आणि नुकसानभरपाई मागेल.

मी एकोणतीस वर्षे ओरोसच्या कचेरीत काढली. नोटिशीचे पालन करायचे असते, एवढे मला कळते. शिवाय व्यवसाय करणारी व्यक्तीच हयात नाही. तेव्हा पान काढून टाकण्यास माझी तत्त्वतः हरकत नाही. तू उत्तराचा मसुदा करून पाठवावास.

फक्त एक शंका. पान काढले, तर त्यावरील चित्रफितीही जातात काय? मी त्या पाहत नाही. केवळ माहितीसाठी विचारतो.

कळावे,
कॉन्स्टान्सियो लुद्रिक
(निवृत्त अधीक्षक)


पुणे
८ मार्च २०२५

प्रिय तितीव,

सख्ख्या मावशीच्या नवऱ्याचे पत्र आणि त्यावर ‘विषय’! तुमच्याखेरीज जगात दुसरा कोणी हे करणार नाही. आईला वाचून दाखवले. ती इतकी हसली, की तिला पाणी द्यावे लागले. मग रडली. मग म्हणाली, “बाई गो, त्येका एकट्याक सोडू नको.”

आता कामाचे. पानाला हात लावू नका! काही काढू नका, काही बदलू नका. हो, पान गेले तर चित्रफिती जातात. सगळ्या जातात. “बसा गो बायांनू, चूल पेटली” हे वाक्य म्हणणारी मावशी त्या एका पानावर आहे आणि दुसरीकडे कुठेच नाही. तिचा जुना फोन तळ्यात पडला, तेव्हा मूळ प्रती गेल्या, हे तुम्हीच मला सांगितले होते.

आणि तितीव, तुम्ही ज्या नोटिशीचे पालन करायला निघाला आहात ना, ती वाचून मी खुर्चीतून उठले. ही लढाई आपण जिंकू शकतो! व्यापारचिन्हाच्या कायद्यात नुसता अर्ज करणारा मोठा ठरत नाही, नावाचा आधी आणि सतत वापर करणारा मोठा ठरतो. याला आम्ही पूर्ववापर म्हणतो. मावशीची पहिली चित्रफीत २०१८ च्या नाताळातली आहे. ही कंपनी जन्मली २०२३ मध्ये. त्यांचा अर्ज नुकताच जाहीर झाला आहे, आणि त्यावर हरकत घेण्याची मुदत अजून शिल्लक आहे.

दुसरी गोष्ट ऐका आणि जरा बसून ऐका. त्या चित्रफितींवरचा मावशीचा हक्क तिच्याबरोबर संपलेला नाही. तिच्या मृत्यूनंतर साठ वर्षे तो टिकतो. मूल नाही आणि मृत्युपत्र नाही, म्हणून ख्रिस्ती वारसा कायद्याप्रमाणे अर्धा तुमचा आणि अर्धा तिच्या एकुलत्या बहिणीचा, म्हणजे आईचा. आईने तिच्या अर्ध्याच्या बदल्यात बालशांवची, मावशीच्या त्या जवळ्याच्या लोणच्याची, एक बरणी मागितली आहे. कायद्याच्या दृष्टीने मावशी अजून साठ वर्षे बोलणार आहे. तिला तुम्ही पंधरा दिवसांत गप्प करणार होता!

मला हवे आहे ते हे : ती आधीपासून या नावाने विकत होती, असे सांगणारी माणसे. फेस्ताच्या सणात मांड लावून विकणारी, बाजारातली, मुंबईला बरण्या नेणारी. आणि कंपनीची जाहिरात एकदा नीट पाहून घ्या.

तुमची,
सँड्रीना


मालवण
१४ मार्च २०२५

विषय : पूर्ववापर. (तातडीचे)

चि. सँड्रीना हिस आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. ‘पूर्ववापर’ हा शब्द मी सेवेत असताना मला कोणी सांगितला नव्हता. तो भारदस्त आणि न्याय्य शब्द आहे.

तू मागितलेली माणसे मी गोळा करू लागलो आहे. आमच्या भिंतीपलीकडच्या सुक्या मासळीच्या दुकानातील खतिजा, जी तुझ्या मावशीस जवळा पुरवीत असे, तिने प्रतिज्ञापत्रावर सही करण्याची तयारी दाखविली. एवढेच नव्हे, तर मी प्रतिज्ञापत्राचा अर्थ समजावून सांगत असता ती म्हणाली, “सायबानू, सही कित्याक, मी कोर्टात येवन गाऊन दाखवतंय! फेलीन माझो जवळो पाच येळा परत केल्यान. रेती आसा म्हणान. असली बाय दुसरी गावात नाय.” तिला मी सांगितले, की गाण्याची आवश्यकता पडणार नाही. फेस्ताच्या मांडावर शेजारी बसणारे बाळा गवंडी, देवगडला आंब्याच्या पेट्यांसोबत तिच्या बरण्या मुंबईस धाडणारे मुनीर काझी, हेही तयार आहेत. मी बसने देवगडला जाऊन आलो. चार महिन्यांत मी प्रथमच तालुक्याबाहेर पडलो. परतताना मला भूक लागली. हे नमूद करण्याचे कारण नाही, तथापि नमूद करतो.

आता मुख्य बाब. तुझ्या सूचनेनुसार मी कंपनीची जाहिरात पाहिली. तिच्यात एक स्त्री म्हणते, “चूल पेटली!” ते शब्द चोरले आहेतच. परंतु त्यानंतर क्षणभर फक्त हात दिसतात, मडक्यात मसाला घालणारे. सँड्रीना, ते हात तुझ्या मावशीचे आहेत. उजव्या करंगळीचे टोक आदोळीवर नारळ खवताना कापले गेले होते. नख तिरपे आले होते. त्या हाताला मी बत्तीस वर्षे ओळखतो. कंपनीने आमच्याच चित्रफितीतून तुकडा उचलला आहे आणि ती चित्रफीत नाहीशी करण्याची नोटीस आम्हालाच पाठविली आहे!

मला प्रथमतः दुःख झाले आणि तदनंतर संताप आला. स्वस्थ बसणे मला शक्य नव्हते. मी त्याच दिवशी पानावर एक जाहीर निवेदन प्रसिद्ध केले. त्यात म्हटले आहे, की सदर कंपनी चोर असून तिच्या लोणच्यात सडका जवळा वापरला जातो व जनतेने सावध राहावे. खाली माझे नाव, पूर्वीचे पद आणि ‘प्रत माहितीसाठी : मा. जिल्हाधिकारी’ असे लिहिले आहे. निवेदनास अभूतपूर्व प्रतिसाद मिळत आहे.

तुला अभिमान वाटेल, अशी खात्री आहे.

कॉन्स्टान्सियो लुद्रिक


पुणे
१९ मार्च २०२५

तितीव! तितीव! तितीव!

करंगळी! ऑफिसात मी इतक्या मोठ्याने ओरडले, की आमच्या ज्येष्ठ वकीलबाई अनुजा परब दारात येऊन उभ्या राहिल्या. दोन्ही चित्रफिती आम्ही शेजारी-शेजारी लावल्या. नख, मडक्याचा तुटका काठ, मागे भिंतीवरचा क्रूस, सगळे तेच. त्यांनी तुकडा उचलला, थोडा पिवळा रंग चढवला आणि आपला म्हणून विकला. आता आपण फक्त बचाव करीत नाही, आता आपण चाल करतो!

आणि मग मी तुमचे निवेदन वाचले. बाई गो.

तितीव, तुम्ही आयुष्यात सायकलही कधी दिवा लावल्याशिवाय बाहेर काढली नाहीत. असे कसे लिहिलेत? ‘चोर’ या शब्दाचे काय करायचे ते मी बघेन. तुकडा आपल्या हातात आहे. पण ‘सडका जवळा’? तुम्ही त्यांचे लोणचे चाखलेत? तपासून घेतलेत? आपल्याला राग आला म्हणून धंद्याच्या पानावरून दुसऱ्याच्या मालाला सडका म्हणता येत नाही. ती अब्रुनुकसानी होते. बाजारात बोललात तर वारा घेऊन जातो. पानावर लिहिलेत तर ते तारखेसकट, नावासकट, पदासकट राहते आणि पुढे पाठवणाऱ्यागणिक नुकसानीचा आकडा वाढतो. मी पाहिले तेव्हा ते दोन हजारांहून अधिक लोकांनी पुढे पाठवले होते. हा तुमचा ‘अभूतपूर्व प्रतिसाद’!

शिवाय जिल्हाधिकारी यांना मधे का घातलेत?

हे पत्र हाती पडायच्या आत मी खतिजाबाईंना फोन केलेला असेल आणि त्यांनी तुमच्या उशाशी बसून ते निवेदन काढायला लावलेले असेल. त्या म्हणाल्या, “बाय, तू भिया नको. मी तेंका आताच धरतंय.” आता एक खुलासा प्रसिद्ध करा. फक्त जवळ्यापुरता. थोडक्यात. बाकीचे एक अक्षर मागे घ्यायचे नाही.

आणि मी पान सगळे पाहिले, म्हणून विचारते. सर्वांत वरची ती काळ्या चौकटीतली सूचना कोणाची?

सँड्रीना


मालवण
२५ मार्च २०२५

विषय : १) निवेदन मागे घेतल्याबाबत. २) काळ्या चौकटीबाबत.

चि. सँड्रीना हिस आशीर्वाद.

खतिजाबाई आल्या. दुकानाच्या चपला काढल्याविनाच आत आल्या आणि म्हणाल्या, “खंय आसा तो फोन? काडा आदी!” निवेदन काढले. मी लाजलो आहे. सडक्या जवळ्याची माहिती मला बाजारात ऐकीव मिळाली होती. ऐकीव माहितीवर मी सेवेत एकही शेरा मारला नाही, आणि येथे मारला.

खुलाशाचा माझा मसुदा असा होता : ‘सदर कंपनीचे लोणचे प्रस्तुत लेखकाने चाखलेले नाही व चाखण्याची इच्छाही नाही.’ खतिजाबाईंनी फोनवर तुला वाचून दाखविला तेव्हा तू उत्तरार्ध गाळावयास सांगितलेस. गाळला.

तथापि कंपनीची दुसरी नोटीस येऊन धडकली आहे. तीत अब्रुनुकसानीची धमकी आहे, ती मला अपेक्षित होती. परंतु तीत दुसराही मुद्दा आहे, आणि तो माझ्या वर्मी लागला आहे. ते म्हणतात : पूर्ववापर असला तरी तो संपुष्टात आला, कारण पानावर तुम्हीच जाहीर केले आहे की व्यवसाय कायमचा बंद झाला.

ती काळी चौकट माझी आहे. दफनविधीच्या तिसऱ्या दिवशी मी लिहिली. ‘प्रोप्रायटर दिवंगत झाल्याने सदर व्यवसाय कायमस्वरूपी बंद करण्यात आला आहे. ग्राहकांनी नोंद घ्यावी.’ लोक मागणी नोंदवीत होते, सँड्रीना. ‘फेलीबाय, नाताळासाठी चार बरण्या ठेव’ असे तिला उद्देशून लिहीत होते. त्यांना काय उत्तर द्यावे हे मला समजेना. कचेरीत अशा प्रसंगी सूचना लावतात. मी लावली. योग्य नमुन्यात, योग्य शब्दांत लावली, आणि त्याच शब्दांनी तिचे नाव दुसऱ्याच्या हाती जात आहे.

यावर काही उपाय आहे काय?

कॉन्स्टान्सियो लुद्रिक


पुणे
३१ मार्च २०२५

प्रिय तितीव,

आहे! आहे! आहे!

अनुजाबाईंशी बोलले. दुखवट्यात चार-पाच महिने दुकान बंद राहिले, तर कोणताही शहाणा माणूस त्याला हक्क सोडणे म्हणणार नाही. अडचण एकच, ‘कायमस्वरूपी’ हा तुमचा लाडका शब्द. त्याला उत्तर कागदाने देता येईल, पण सर्वांत चांगले उत्तर चुलीने देता येईल. व्यवसाय सुरू करा. त्याच नावाने, त्याच पानावर, सगळ्यांसमक्ष, थेट प्रक्षेपण करून. बालशांव करा. तुम्ही स्वतः!

“मला येत नाही” हे तुमचे वाक्य मला इथे ऐकू आले.

आणि “वर्ष झालेले नाही” हेही ऐकू आले. फादरांना विचारून घ्या. मला वाटते ते हरकत घेणार नाहीत. खतिजाबाईंना मी विचारलेच. त्या म्हणाल्या, “दुखवटो माणसाक आसता, चुलीक खंयचो? चूल रडत बसली तर माणसान जेवायचां काय?” यापेक्षा चांगला युक्तिवाद मला न्यायालयात करता येणार नाही.

पण आधी घर झाडून घ्यायचे आहे, कारण ज्याच्यावर आपण बोट दाखवतो तो आता आपल्या पानाचा कोपरान्‌कोपरा तपासणार. अन्ननोंदणी मावशीच्या नावावर होती. तुमच्या नावाने नवी आल्याशिवाय एक बरणीही विकायची नाही. बरणीच्या चिठ्ठीवर मांसाहारी खूण, घटक, तारीख, तुमचा पत्ता आणि तक्रारीसाठी फोन पाहिजे. दोन चित्रफितींत मागे रेडिओवर सिनेमाची गाणी वाजत आहेत. ती आपली नाहीत, म्हणून त्या दोन सध्या झाकून ठेवू. ज्यांनी आपला तुकडा उचलला, त्यांना ‘तुम्हीही उचलता’ म्हणायची संधी द्यायची नाही. आणि कोकमाच्या सरबताखाली मावशीने लिहिले आहे, ‘साखर, पित्त, नवऱ्याचा राग, सगळ्यावर उतारो’. पहिली दोन काढा, खाण्याच्या वस्तूवर औषधाचा दावा चालत नाही. तिसऱ्याला कायद्याची हरकत नाही.

तितीव, मी हे सगळे लिहिताना हसते आहे. मावशी गेल्यापासून मला वाटत होते की ती आता फक्त मागे-मागे जाणार. आता अचानक तिच्यासाठी पुढे काहीतरी करायचे आहे!

तुमची,
सँड्रीना


मालवण
२३ एप्रिल २०२५

विषय : पूर्तता अहवाल.

चि. सँड्रीना हिस आशीर्वाद व ईस्टरच्या शुभेच्छा.

अर्ज भरणे हा माझा प्रांत आहे. अन्ननोंदणी माझ्या नावाने मिळाली. ओरोसला गेलो असता तेथील कर्मचारी समर्थ सावंत म्हणाला, “सर, इतको सुवाच्य जोडपत्र मी पहिल्यांदाच बघतंय.” मी त्यास सांगितले, की जोडपत्र ही अर्जाची अब्रू असते.

चिठ्ठ्या छापल्या. दोन चित्रफिती झाकल्या. साखर व पित्त काढले. नवऱ्याचा राग तसाच आहे.

फादरांची भेट घेतली. ते म्हणाले, “कॉन्स्टान्सियो, ईस्टर झालो. आता रडाक घालवलेलो येळ देव मोजता, आणि रांदलेलो येळ पण मोजता.” मला याचा अर्थ नीट उमगला नाही, परंतु हरकत नसल्याचे स्पष्ट झाले.

३ मे रोजी आमच्या वाडीच्या क्रूसाचे फेस्त आहे. संध्याकाळी क्रूसाशी प्रार्थनेची लादीन गातात, मग उकडलेले चणे वाटतात. दरवर्षी तिची पहिली बरणी त्याच दिवशी उघडत असे. म्हणून तोच दिवस निश्चित केला आहे. सकाळी दहा वाजता. फोन खतिजाबाई धरतील.

एक अडचण आहे आणि ती गंभीर आहे. तिने कृती कोठेही लिहून ठेवलेली नाही. प्रमाण विचारले की ती चिडत असे. मी दोनदा बालशांव करून पाहिले. पहिल्याने मांजर उठून गेले. दुसऱ्याची चव खतिजाबाईंनी घेतली आणि म्हणाल्या, “सायबानू, ह्यां दर्याचाफाक पाठवा. केस तेनी सोडतली.”

मला भीती वाटते, सँड्रीना. हजारो माणसे पाहतील आणि म्हणतील, व्यवसाय खरोखरच तिच्याबरोबर संपला. परंतु दिनांक जाहीर झाला आहे, आणि जाहीर झालेला दिनांक मी आजवर बदललेला नाही.

कॉन्स्टान्सियो लुद्रिक


पुणे
४ मे २०२५

माझ्या लाडक्या तितीव,

मी कोर्टात शांत असते. काल मी सोफ्यावर उभी राहून पाहत होते. आई देवापुढच्या मेणबत्तीसकट फोनसमोर बसली होती. तुम्हाला तुमच्या बाजूने काही दिसले नसेल, म्हणून आम्हाला काय दिसले ते लिहिते. हे कायद्याच्या कामासाठी नाही.

तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून चुलीपुढे उभे. हातात कागद. “सर्व संबंधितांस कळविण्यात येते की...” एवढे म्हणून थांबलात. दोन वाक्येही नाहीत. फोनवर थांबता तसेच थांबलात. पाहणारे वाढत होते आणि तुम्ही नुसते उभे. मी पडद्यावर ओरडत होते, “तितीव, बोला हो!” मग खतिजाबाईंचा आवाज आला : “कागद ठेवा बाजूक, सायबानू. तिकाच बोलवा.”

आणि तुम्ही कोनाड्यातून मावशीचा नंतरचा फोन उचललात, जाळीच्या खिडकीत उभा केलात आणि पानावरची तिची बालशांवची पहिली चित्रफीत लावलीत.

“बसा गो बायांनू, चूल पेटली.”

तुम्ही काडी ओढलीत. एका पडद्यावर ते दोन्ही दिसत होते, खिडकीत २०१८ ची मावशी आणि चुलीशी कालचे तुम्ही. ती म्हणे मिरच्या, तुम्ही मिरच्या. ती म्हणे विनागीर, तुम्ही माडीची विनागीर. ती म्हणाली, “ह्यो जवळो खतिजाचो, रेती नाय हां,” आणि फोन धरणारा हात असा हलला, की आम्हाला थोडा वेळ फक्त छप्पर दिसले.

मग ते झाले. तुम्ही मिठाचे भांडे उचललेत आणि ती बोलायच्या आधीच म्हणालात, “मीठ किती ता माका इचारू नकात!” आणि पाठोपाठ खिडकीतून तेच वाक्य, तसेच, त्याच ठसक्यात आले. पुढे प्रत्येक वाक्य तुम्ही तिच्या आधी. ती हसायची तिथे तुम्ही थांबायचात. “आणि हे बघा, आमचे सायब फायल घेवन इले,” हे तर तुम्ही दोघे एकदम म्हणालात. तिच्या मागून तेव्हाचे तुम्ही फाइल घेऊन गेलात आणि कालचे तुम्ही मडके ढवळत होता.

आई म्हणाली, “हेनी रोज आयकल्यान असतलां.”

‘मी त्या पाहत नाही. केवळ माहितीसाठी विचारतो.’ तितीव, तुमचे ते वाक्य मी पहिल्या दिवशी खरे मानले होते. वकिलाने असे करू नये.

अनुजाबाई आज सुट्टीच्या दिवशी ऑफिसात येऊन बसल्या आहेत. म्हणतात, सतत वापराचा याहून स्पष्ट पुरावा त्यांनी पाहिलेला नाही : जुना वापर आणि आजचा वापर एकाच चौकटीत, एकाच चुलीवर, मधे एक शब्दही न गळता. आमची हरकत आणि तुकडा चोरल्याची नोटीस उद्या जाते आहे.

मीठ बरोबर पडले का?

तुमची,
सँड्रीना


मालवण
१२ जून २०२५

चि. सँड्रीना,

कंपनीचे पत्र तुला मिळालेच आहे. अर्ज मागे घेतला, जाहिरात काढली, अब्रुनुकसानीचा विषय खुलाशावर मिटला. दोष त्यांनी जाहिरात बनविणाऱ्यावर ढकलला आहे, ढकलू दे. आपला नोंदणीचा अर्ज दाखल झाल्याचे तू कळविलेस. अर्जदार म्हणून माझे आणि तुझ्या आईचे नाव शेजारी-शेजारी पाहून मी बाजारात दोन फेऱ्या मारल्या, उगाचच. तिची बरणी मुनीर काझींच्या माणसासोबत धाडली आहे.

मीठ किंचित जास्त पडले होते. लादीनीनंतर चण्यांबरोबर वाटले तेव्हा कोणी काही बोलले नाही. फक्त बाळा गवंडी म्हणाले, “फेलीचां पण फेस्ताक मीठ जास्तच पडायचां.” हे खरे आहे. मीच ते विसरलो होतो.

तुझी आई म्हणाली ते खरे आहे. रोज. सकाळी चहापूर्वी. आवाज लहान ठेवून, भिंतीपलीकडे जाऊ नये म्हणून. पहिल्या पत्रात मी तुला खोटे लिहिले, कारण पान गेले तर माझ्या सकाळींचे काय होईल, हे नोटिशीच्या उत्तरात कोणत्या रकान्यात लिहावे ते मला सुचले नाही.

पानावरील काळी चौकट मी काढून टाकली नाही. काढलेल्या कागदाची नोंद राहत नाही. तिच्याखाली रीतसर आदेश लिहिला : ‘चूल पेटली, सबब वरील सूचना रद्द.’ खतिजाबाई म्हणाल्या, की एवढाच कागद मी आयुष्यात समजेल अशा मराठीत लिहिला.

काल सकाळी फोन चार्ज नव्हता. मी चूल पेटविली आणि वाट पाहत उभा राहिलो. मग कोणीच बोलेना म्हणून मीच म्हणालो, जरा मोठ्यानेच, “बसा गो बायांनू, चूल पेटली.”

भिंतीपलीकडून, मासळीच्या टोपल्या उतरविता-उतरविता, खतिजाबाईंचा आवाज आला, “बसलंय, सायबानू! फुडे बोला!”

या पत्रास विषय नाही.

तुझा,
तितीव